चौदा नंबरची गाठ

श्रीनाथ वाकनीस यांना सरकारी दवाखान्यात चोवीस वर्षं झाली होती आणि त्या चोवीस वर्षांत त्यांनी एकाही रोग्याला हात लावला नव्हता. लावायचं कारणच नव्हतं. ते डॉक्टर नव्हते, कंपाउंडर नव्हते, ऑपरेशनच्या रजिस्टरावरचे कारकून होते. कोणाचं काय कापलं, काय शिवलं ते लिहायचं, छापील सूचीत त्या ऑपरेशनचा नंबर शोधून समोरच्या रकान्यात टाकायचा, नंबरावरून ते 'मोठं' की 'छोटं' ते ठरवायचं आणि त्या हिशेबाने फीची पावती फाडायची. छोट्याला दोन रुपये, मोठ्याला पंधरा. उज्जैनातली अर्धी आतडी त्यांच्या लेखणीखालून गेली होती, पण रक्त पाहिलं की त्यांना अजूनही मळमळायचं.

घराणं जुनं. शिंदे सरकारांबरोबर माळव्यात उतरलेलं. वाकनीस म्हणजे घडलेला वाका, म्हणजे प्रसंग, जसाच्या तसा लिहून ठेवणारा. त्या कामावर पणजोबांच्या पणजोबांना म्हणे पालखी होती. श्रीनाथरावांना सायकलसुद्धा नव्हती. गल्लीतली मंडळी त्यांची फिरकी घ्यायची, की वाकनीस म्हणजे वाकून वाकून लिहिणारा. त्यावर ते हसायचे, कारण पाठ खरोखरच वाकली होती.

वाकायला कारणंही झाली होती. दरबारच्या काळात एक यादी होती, बासष्ट ऑपरेशनांची. ती त्यांना तोंडपाठ होती. मग स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्य भारत झालं, आणि दोनेक वर्षांत हिंदीत छापलेली नवी सूची आली. तिच्यात अठ्ठेचाळीसच कलमं. हर्निया नवावरून सव्विसावर गेला, मूतखडा सव्विसाचा अकरावर आला. सगळी जुनी रजिस्टरं नव्या नंबरांनी पुन्हा उतरवायचा हुकूम निघाला. आठ महिने गेले त्यात. ते होऊन हात जरा मोकळा होतोय तोवर कानावर आलं की मध्य भारतही जाणार, भोपाळला नवी राजधानी होणार आणि नवी सूची येणार. श्रीनाथरावांनी टेबलावर डोकं टेकलं. राज्यं बदलतात त्याचं लोकांना कौतुक असतं, पण प्रत्येक नव्या राज्याबरोबर मूतखड्याला नवा नंबर मिळतो आणि तो कोणालातरी बसून लिहावा लागतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

बोलीचा घोळ होता तो वेगळाच. घरात मराठी, दारात हिंदी, आणि दोन्ही एकमेकीत मुरलेल्या. एकदा पुण्याला मेहुण्याकडे लग्नाला गेले असताना त्यांनी सहज सांगितलं की आमच्या शेजारच्या दोन भावांचं भांडण मिटलं, त्यांचा राजीनामा झाला. पंगतीतले लोक विचारायला लागले की कुठल्या नोकरीचा राजीनामा. उज्जैनात राजीनामा म्हणजे समेट, हे पुण्याला कोण सांगणार. मेहुणा अख्खं लग्नभर त्यांना 'आमचे हिंदीवाले दाजी' म्हणत राहिला.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायचं ती छप्पन सालच्या चैत्रातली.

भैरवगढचा भेरूलाल एका कापडगिरणीत विणकर होता. तुटलेला ताण्याचा धागा पकडून, गाठ मारून माग पुन्हा चालू करायचा, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या दिवशी शेजारच्या मागावरून आडवा धागा नेणारा लाकडी धोटा निसटला आणि लोखंडी टोकासकट उडून त्याच्या उजव्या कानशिलावर बसला. भेरूलाल पडला, उठला, पाणी प्यायला, हसलासुद्धा. बरोबरच्यांनी बसवून अर्धी भाकरी खायला घातली. दोन तासांनी त्याला ओकारी झाली आणि बोलता बोलता त्याची मान लुळी पडली. टांग्यात घालून त्याला दवाखान्यात आणलं, तेव्हा भर दुपार होती आणि त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली डाव्या डोळ्याच्या दुप्पट झाली होती.

डॉ. मधुकर गरुड तेव्हा तिथे सर्जन होते. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, इंदूरला नेईपर्यंत हा राहणार नाही. मेंदूचा सर्जन तर इंदुरातही नव्हता. डोकं उघडायचं ऑपरेशन गरुडांनी शिकत असताना दोनदा पाहिलेलं, स्वतः कधी केलेलं नव्हतं. कपाटाच्या तळातून हाताने फिरवायचं एक गिरमिट निघालं, सुताराच्या हातात शोभावं असं. ते उकळत्या पाण्यात पडलं. श्रीनाथराव भेरूलालच्या बायकोचा, केसरबाईचा, अंगठा घ्यायला ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गेले. हाडावर गिरमिट फिरल्याचा आवाज त्यांना तिथे ऐकू आला. अंगठ्याचा कागद घेऊन ते तडक परत फिरले.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. सदरा पाठीला चिकटला होता. आत आणखी दोन रोगी थांबले होते. डॉक्टर आणि श्रीनाथराव या दोघांचं काम नेहमीचंच ठरलेलं होतं. डॉक्टर मराठीत सांगायचे, श्रीनाथराव हिंदीत लिहायचे आणि संध्याकाळी डॉक्टर न वाचता सही ठोकायचे. सगळ्या दवाखान्यात मराठी बोलणारे ते दोघेच, तेव्हा डॉक्टरांना तो एक विसावा होता.

"रक्ताची गाठ होती वाकनीस, चांगली जांभळाएवढी," डॉक्टर म्हणाले. "काढली. वाचेल बहुतेक. लिहून टाका."

श्रीनाथरावांनी लिहून टाकलं. 'भेरूलाल, उम्र ३२, सिर में खून की गाँठ, निकाली गई.' मग सूची उघडली. दरबारच्या यादीत एकतीस नंबरला 'डोक्याचे हाड उघडणे, मोठे' असं कलम होतं, ते त्यांना आठवत होतं. या सूचीत ते नव्हतंच. छापताना गळलं की कुणाला नको वाटलं, देव जाणे. सूचीच्या शेवटी मात्र सूचना होती की जे सूचीत नसेल ते जवळच्या नंबरात लिहावं. त्यांनी बोट खाली खाली आणलं, ते चौदावर थांबलं. 'गाँठ निकालना, छोटा.' शब्दाला शब्द जुळला. त्यांनी चौदा लिहिलं, आणि दोन रुपयांची पावती फाडताना बाहेर जमिनीवर बसलेल्या केसरबाईकडे पाहून त्यांना बरंही वाटलं. बिचारीचे तेरा रुपये वाचले. संध्याकाळी डॉक्टरांनी सही केली.

भेरूलाल वाचला. महिनाभराने आपल्या पायांनी चालत घरी गेला. डॉ. गरुड पावसाळ्यात पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. नोव्हेंबरात मध्य प्रदेश झाला. दवाखान्यावर रोषणाई झाली, पेढे वाटले गेले, आणि मग जुने केसपेपर पोत्यांत भरून हलवायची बांधाबांध सुरू झाली. कुठलं पोतं कुठे गेलं ते नेणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या माघात केसरबाई पुन्हा खिडकीशी आली. श्रीनाथरावांनी तिला ओळखलं नाही. तिने कागद पुढे केला. भेरूलालला गिरणीने घरी बसवलं होतं, कारण त्याच्या डाव्या हाताची बोटं वळत नव्हती. युनियनच्या माणसाने तिला मुआवजाचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, अर्ज करून दिला होता. त्यावर गिरणीचं उत्तर आलं की कामावर अपघात असा काही झालाच नाही. या माणसाच्या डोक्यात आधीपासून गाठ होती, ती त्याने सरकारी दवाखान्यात जाऊन काढून घेतली, दवाखान्याचं रजिस्टर पाहावं. ज्यांनी धोटा उडताना पाहिला ते त्याच गिरणीत कामाला होते, तेव्हा त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. सुनावणी चैत्रात होती. रजिस्टरातल्या नोंदीच्या नकलेवर सगळं अवलंबून होतं, मुआवजाही आणि गिरणीतच एखादं बसून करायचं हलकं कामही.

श्रीनाथरावांनी रजिस्टर काढलं आणि पान उलटलं. अक्षर त्यांचंच, सुरेख, वळणदार. 'खून की गाँठ.' दोनदा वाचलं तरी त्यांना त्यात काही चुकलेलं दिसेना. मग त्यांनी ते केसरबाईच्या कानांनी वाचून पाहिलं, तेव्हा चूक दिसली. हिंदीत रक्त साकळलं तर त्याला थक्का म्हणतात. गाँठ म्हणजे गाठ, आवाळू, गळू, वर्षानुवर्षं अंगावर वाढणारी. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ते हिंदी बोलत आले होते. पण त्या दुपारी डॉक्टर मराठीत बोलले, त्यांचं मन मराठीत होतं, आणि हाताने फक्त गाठीवर चंद्रबिंदू चढवला.

नक्कल उद्या मिळेल, असं सांगून त्यांनी बाईला वाटेला लावलं आणि कचेरीतल्या हेडक्लार्ककडे, बडेबाबूकडे, गेले. बडेबाबू वाईट माणूस नव्हता. भोपाळला जाणाऱ्या याद्या तोच बनवत होता. नव्या राज्यात कोण कुठल्या श्रेणीत बसणार ते त्या याद्यांवरून ठरायचं होतं, आणि श्रीनाथरावांचं नाव त्याने वरच्या श्रेणीत धरलं होतं. निवृत्तीला वर्षच उरलं होतं, तेव्हा जो शेवटचा पगार असेल त्यावर पेन्शन बसणार. बडेबाबूने सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि समजावलं की दहा महिन्यांनी रजिस्टरात खाडाखोड म्हणजे चौकशी, आणि चौकशी चालू असलेल्याचं नाव यादीत राहत नाही. डॉक्टर इथे नाहीत, केसपेपर नाही. कुणी विचारलंय का तुम्हाला की चूक झाली म्हणून?

"नकल माँगी है, नकल दे दो," तो म्हणाला. "नकल में अकल मत लगाओ, वाकनीसजी."

सल्ला व्यवहाराचा होता. श्रीनाथरावांना तो पटला, हेही सांगून टाकलेलं बरं. घरी आल्यावर त्यांनी नक्कल तयारसुद्धा केली, जशीच्या तशी. त्यांची थोरली बहीण अक्का, विधवा होऊन तीस वर्षं याच घरात होती. ती भात वाढताना म्हणाली, "तू नुसतं ताटाकडे बघून राहिलास. काय झालं?" त्यांनी सांगितलं काही नाही. अक्काने भात परत पातेल्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी केसरबाई नवऱ्याला घेऊन आली. लांबून चालत आलेली दोघं. भेरूलाल उंच माणूस, पण चालताना एका अंगाला झुकलेला, डोक्याला मोठा साफा. श्रीनाथरावांनी नक्कल पुढे केली. तिथे उभ्या असलेल्या एकाने ती वाचून दाखवली, तेव्हा केसरबाई नवऱ्याकडे वळली. मग तिने नवऱ्याचा साफा सोडवला. भेरूलाल मान खाली घालून उभा राहिला, एखादं मूल केस विंचरून घ्यायला उभं राहतं तसा.

"गाँठ कां थी, बाबूजी?" ती म्हणाली. "यो तो खड्डो हे. हाथ धरी ने देखी लो."

खिडकीतून हात बाहेर काढायचा तर वाकावं लागत होतं. श्रीनाथराव वाकले. कानाच्या वर, केस नीट न उगवलेल्या जागी, रुपयाएवढा खड्डा होता. त्यांनी त्यावर दोन बोटं टेकवली. तिथे हाड नव्हतं. नुसती कातडी होती आणि तिच्याखाली काहीतरी उडत होतं, हळूहळू, नाडीसारखं. चोवीस वर्षं ते नंबर टाकत आले होते. त्यातला एक नंबर आज पहिल्यांदाच त्यांच्या हाताला लागला. त्यांना मळमळलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, भयंकर लाज, त्या सुरेख अक्षराची, आणि तेरा रुपये वाचवल्याच्या समाधानाचीसुद्धा.

त्यांनी नक्कल परत मागून घेतली आणि फाडली. रजिस्टर उघडून शेऱ्याच्या रकान्यात, जिथे चोवीस वर्षांत त्यांनी 'निरंक' याखेरीज क्वचितच काही लिहिलं होतं, तिथे लिहिलं : 'गाँठ नहीं, चोट से जमा हुआ खून. सिर की हड्डी खोलकर निकाला गया. क्रमांक १४ गलत. सूची में इसका क्रमांक नहीं है. लिखने वाले की बोली मराठी है. भूल लिखने वाले की है, रोगी की नहीं.' खाली सही केली, तारीख टाकली, आणि नवी नक्कल शेऱ्यासकट उतरवून बाईच्या हातात दिली.

बडेबाबूने कपाळावर हात मारला. त्याच आठवड्यात श्रीनाथरावांचं नाव यादीतून निघालं, आणि ऑडिटवाल्यांनी हिशेब लावला की मोठ्या ऑपरेशनला छोट्याची फी घेतल्यामुळे सरकारचं तेरा रुपयांचं नुकसान झालं आहे, ते कारकुनाच्या पगारातून वळतं करावं. ते वळतं झालं. अक्काला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की तेरा रुपयांत महिन्याची भाजी येते.

गिरणीच्या वकिलाने शेऱ्यावर आक्षेप घेतला. दहा महिन्यांनी सुचलेलं शहाणपण म्हणजे पैसे खाऊन सुचलेलं शहाणपण, असा त्याचा रोख होता. तेव्हा मुआवजा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने कारकुनालाच बोलावलं. श्रीनाथराव काळा कोट घालून गेले. तो कोट लग्नातला, काखेत दोनदा रफू केलेला. खोली भरलेली होती. भेरूलाल भिंतीशी उभा होता, केसरबाई उंबऱ्यापाशी बसली होती.

वकील हुशार होता. त्याने आवाज चढवला नाही. आधी विचारलं, नोकरी किती वर्षं. चोवीस. जन्म कुठला? इथलाच. वडिलांचा? इथलाच. मग चोवीस वर्षं हिंदीत रजिस्टर लिहिणाऱ्या आणि इथेच जन्मलेल्या माणसाला गाँठ आणि थक्का यातला फरक कळत नाही, यावर कोर्टाने विश्वास ठेवायचा का? तसं तर मग चोवीस वर्षांच्या सगळ्या नोंदींचाच भरवसा काय? श्रीनाथरावांना पेच कळला. या प्रश्नाला कुठल्याही बाजूने उत्तर दिलं तरी खाली पाडणारंच होतं. शब्द माहीत होता म्हटलं तर लबाड ठरणार, माहीत नव्हता म्हटलं तर नालायक. लबाड ठरले तर भेरूलाल बुडणार. नालायक ठरले तर ते एकटेच बुडणार होते.

"हमारे यहाँ खून जम जाए तो उसको भी गाठ बोलते हैं, साहब," ते म्हणाले.

"आपके यहाँ," वकील म्हणाला. "यानी महाराष्ट्र में?"

"नहीं साहब. कार्तिक चौक में."

खोलीत हशा पिकला. अधिकारीसुद्धा हसला. श्रीनाथराव राहत तो कार्तिक चौक तिथून चालत वीस मिनिटांवर होता. वकील तेवढ्यावर सोडणारा नव्हता. त्याने विचारलं, म्हणजे आपल्याला हिंदी येत नाही, हे आपण मान्य करता? लिहून घेऊ?

श्रीनाथरावांनी भेरूलालकडे पाहिलं. तो डावा हात उजव्या हातात धरून उभा होता, हरवू नये म्हणून धरावा तसा.

"उस दिन नहीं आई, साहब," ते म्हणाले. "लिख लीजिए."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग त्याने भेरूलालला जवळ बोलावलं, साफा काढायला लावला आणि स्वतः बोट लावून पाहिलं. त्यानंतर त्याने वकिलाला फार बोलू दिलं नाही. निकाल भेरूलालच्या बाजूने लागला. मुआवजा मिळाला, मागितला होता त्याच्या पाऊणपट, आणि गिरणीच्या गोदामाच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. केसरबाईने दवाखान्यात येऊन भैरवगढच्या छपाईचा एक रुमाल खिडकीतून आत सरकवला आणि निघून गेली. लाल जमिनीवर काळे बुट्टे होते. अक्काने तो देवाच्या पेटीवर घातला.

श्रीनाथरावांना मात्र लिहून दिलेलं भोवलं. सुनावणीच्या कागदांची एक प्रत भोपाळला गेली आणि तिकडून त्यांच्या सर्व्हिस बुकात शेरा आला : 'कर्मचारी का हिन्दी ज्ञान अपर्याप्त.' हिंदीची खातेपरीक्षा पास होईपर्यंत पगारवाढ बंद, श्रेणी खालचीच. त्यांनी तो शेरा अक्काला वाचून दाखवला. अक्का जपमाळ ओढत होती. ती म्हणाली, "पुण्याचा तो मेहुणा म्हणतो तुला मराठी नाही येत. हे म्हणतात हिंदी नाही येत. मग इतकी वर्षं तू माझ्याशी बोलून काय राहिलास?" बोलताना ती हसत होती, पण मणी फिरायचे थांबले होते. धोब्याचा कुत्रा, न घरचा न घाटचा, असं श्रीनाथरावांच्या ओठांवर आलं. ही म्हण हिंदीतली की मराठीतली, याचा विचार करत ते तसेच बसून राहिले.

त्या रात्री त्यांना फार थकल्यासारखं वाटलं. शेऱ्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं की सात पिढ्या क्षिप्रेचं पाणी पिऊनही आपण कुठल्या भाषेत घरचे आहोत हे आता चौपन्नाव्या वर्षी परीक्षा देऊन सिद्ध करायचं. वकिलाला दिलेलं उत्तर त्यांना एकदाही खोटं वाटलं नाही. पण ते खरं ठरलं म्हणून जी किंमत मोजावी लागली ती त्यांना जड गेली, आणि ती जड गेली हे त्यांनी कधी लपवलंही नाही.

परीक्षा श्रावणात माधव नगरातल्या एका शाळेत होती. ते तीन गुणांनी नापास झाले, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे त्याच खालच्या श्रेणीतून ते निवृत्त झाले आणि पेन्शन बसली ती त्याच हिशेबाने.

शाळेकडे जाताना त्यांचा टांगा गिरणीच्या गोदामावरून गेला. फाटकाशी स्टुलावर भेरूलाल बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कोटवाल्याला तो उजव्या हाताने सलाम करत होता, ते त्याचं कामच होतं. त्याने श्रीनाथरावांनाही सलाम केला. ओळख मात्र डोळ्यांत नव्हती. दवाखान्याच्या खिडकीशी तो मान खाली घालून उभा राहिलेला, आणि सुनावणीत त्याचं लक्ष आपल्या हाताकडे होतं. श्रीनाथरावांनी सलाम घेतला आणि टांगा पुढे गेला.

बाक लहान मुलांचे होते. गुडघे आत मावेनात म्हणून ते तिरके बसले. आजूबाजूला पंचविशीतले नवे कारकून भराभर लिहीत होते. निबंध झाला, अर्जाचा मसुदा झाला. चौथा प्रश्न होता, खालील मुहावऱ्यांचे, म्हणजे वाक्प्रचारांचे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पाच मुहावरे होते. पहिलाच होता 'गाँठ बाँधना'.

श्रीनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अर्थ त्यांना माहीत होता. मराठीतही खूणगाठ बांधतातच. त्यांनी सावकाश, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं : अर्थ, हमेशा याद रखना. वाक्य, 'मैंने गाँठ बाँध ली है कि भेरूलाल के सिर में गाँठ नहीं थी.'

लिहिलेलं त्यांनी एकदा वाचून पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती. खाली अजून चार मुहावरे राहिले होते, पण त्यांना लिहायचं होतं ते लिहून झालं होतं. त्यांनी लेखणीला टोपण लावलं आणि घंटा होईपर्यंत तसेच बसून राहिले.